मंगळवार-शुक्रवारच्या गाडीची जाळी

६ जानेवारी, मंगळवार

गाडीत सडक्या अंड्यांचा वास. मोशीच्या चढावर गाडी ओढेना. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. वाजव म्हटलं. वन्सं शेजारी पदर नाकाला लावून. "इमल, काय खाल्लंस गं?" मी म्हटलं, मी नाही, गाडीने खाल्लंय.

वास ओळखीचा. एस. वाय.चं प्रॅक्टिकल, किपचं उपकरण, हायड्रोजन सल्फाइड. सर ओरडायचे, खिडक्या उघडा. आम्ही मुली मुद्दाम सावकाश उघडायचो, म्हणजे मागची टवाळ पोरं आपोआप बाहेर जायची. पुढचा तास शांततेत.

वन्संना वेगळंच आठवलं. "तू पयल्यांदा कंपनीत जाया लागलीस तवा तुज्या लुगड्याला असलाच वास यायचा. आई म्हनायची, शिकल्याली सून केली आन घरात नाली आली." आमची लॅब प्लेटिंग शॉपच्या भिंतीला भिंत लावून होती, वास यायचाच. वन्सं माहेरी आल्या की माझी साडी वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. इतकी वर्षं मी समजत होते, मान देतायत.

कुरुळीहून पिंपरीच्या दवाखान्यात वन्संच्या डायलिसिसला कशीबशी पोचली, परतताना दोनदा बंद पडली. महिनाअखेर गाडीची पंधरा वर्षं भरतात. नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी २७ला. त्याआधी पीयूसी हवी. या वासाने मिळणार नाही.

७ जाने., बुध.

बबनचं गॅरेज. खाली शिरला, हातोडीने टकटक केलं, बाहेर आला. "मॅडम, कन्व्हर्टर गेला." सायलेन्सरच्या वाटेवर डबा असतो, त्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी. धूर तिच्यातून जाताना त्यातलं विष मरतं. आमची जाळी चोंदली.

कंपनीचा नवा डबा: किंमत ऐकून मी हसले. गाडी विकली तरी तेवढे येणार नाहीत.

मग बबन हळूच, "पोकळ करून देतो. आतलं फोडून काढायचं, डबा जागेवर. बाहेरून कुणाच्या बापाला कळायचं नाही. पिकअप तर असा येईल..."

"आणि पीयूसी?"

"ते होतं."

"कसं होतं?"

वर पत्र्याकडे बघायला लागला. सांगितलं त्याला, अख्खी नोकरी मी इन्स्पेक्शनला काढली, 'ते होतं' हे माझ्यासमोर बोलायचं नाही. डबा तोच ठेवून आतली जाळी तेवढी नवी घालता येईल का? म्हणाला, असं कोणी करत नाही. "येत नाही की करत नाही?" हात पुसत, "करत नाही."

वर म्हणतो, जुना डबा राहू द्या इथंच, भंगारात टाकतो. म्हटलं, त्यात प्लॅटिनम आहे बबन, डबा माझ्यासोबत येईल. हसला. "मॅडम, तुम्ही गॅरेज टाका."

९ जाने., शुक्र.

सचिनने (वन्संचा मुलगा) मित्राची गाडी मागून आणली, अर्धी शिफ्ट बुडवली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "मामी, विका ना ती आता. मी कॅब लावून देतो आईला, दर मंगळवार-शुक्रवार. तुमचं पण वय झालं."

वयाचं बोलला नसता तर विचार केला असता.

वन्सं परक्याच्या गाडीत बसत नाहीत. हट्ट वाटतो, पण कारण आहे. गेल्या वर्षी डायलिसिस करून येताना कॅबमध्ये उलटी झाली. चालवणारा वाट्टेल ते बोलला आणि चिंबळी फाट्यावर उतरवून गेला. वन्सं उन्हात दगडावर बसून होत्या. मला सचिनने फोन केला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी नेते. रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, बसची पायरी चढवत नाही. राहिली ही गाडी.

सचिनला नाही म्हटलं. महिनाअखेरपर्यंत बघू.

११ जाने., रवि.

सकाळी कपाट आवरताना लॅबचा पांढरा कोट. खिशात अजून तो वास असेल म्हणून हुंगला. नाही. डांबरगोळ्या.

तेव्हा पिंपरीहून सकाळची कंपनीची बस. बायका आम्ही मोजक्या, पुढच्या दोन सीटा आमच्या, कुणाला सांगावं लागायचं नाही. बोनस झाला की संध्याकाळी तशाच पिंपरी कॅम्पात साड्या घ्यायला. हातांना आम्लाचे डाग. दुकानदार डाग बघून ओळखायचा, "कंपनीवाल्या ताई, आज उधारी नको ना?"

गायकवाड आठवला. प्रदीप गायकवाड, वडील भट्टीवर कामाला, हा डिप्लोमा करून माझ्या हाताखाली ट्रेनी. न मोजता आकडा लिहिला म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचा रिपोर्ट मी फाडला होता. आता चाकणला स्वतःची शेड आहे, सायलेन्सरचेच डबे बनवतो असं ऐकून होते. नंबर मिळवला. फोन केला.

"मॅडम? खरंच तुम्ही? थांबा, खुर्चीवरून उठतो."

बस म्हटलं.

१२ जाने., सोम.

बबनने डबा खोलून दिला. भाजीच्या पिशवीत घालून बसने चाकण. शेजारच्या बाईने विचारलं, सुरण काय भावाने मिळाला?

गायकवाड टकला झालाय. शेडमध्ये बाबासाहेबांचा आणि वडिलांचा फोटो शेजारी-शेजारी. चहा आणायच्या आधीच डबा हातात घेतला, हलवला, आत खुळखुळ. ग्राइंडरने शिवणीवरून कापला. आतली मातीची जाळी कडेला शाबूत, मधोमध वितळून काळा काचेसारखा गोळा.

बघत राहिला. मग, "मॅडम, गाडी धक्का मारून चालू करता का?"

हो म्हटलं.

"धक्का मारला की न जळलेलं पेट्रोल इंजिनातून थेट ह्या जाळीत येतं आणि इथं पेटतं. जुन्या गाड्यांना चालायचं. त्यांना हा डबाच नव्हता."

बॅटरी गेल्या पावसाळ्यापासून मेलेली. बदलू म्हणत राहिले. कारण सोसायटीत ह्यांचे टूलरूममधले दोस्त आहेत, जाधवराव आणि तिघे, सगळे रिटायर. मंगळवार-शुक्रवार सकाळी स्वेटर-कानटोपी घालून खाली हजर. "चला, पहिली शिफ्ट!" जाधवराव हाळी देणार, चौघे डिकीला हात लावणार, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडणार, गाडी खोकून चालू, की टाळ्या. थर्मासमधला चहा मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलेला असतो वॉचमनला. हे गेल्यावर त्या चौघांचं आमच्याकडे येणं बंद झालं होतं, ते या धक्क्याने पुन्हा सुरू झालं.

ह्यांची पहिली सेकंडहँड गाडी तर धक्क्याशिवाय चालू झाल्याचं आठवत नाही. मोशीच्या घरासमोर मी, वन्सं आणि नऊवारी खोचलेल्या सासूबाई मागून ढकलतोय, आणि हे खिडकीतून मान काढून, "अजून जोरात! जेवला नाहीत का?" सासूबाई म्हणाल्या होत्या, बैल बरा, ढकलावा तरी लागत नाही.

गायकवाड म्हणाला मापाची जाळी शोधतो. मातीची नको, पोलादी पत्र्याची गुंडाळलेली असते, ती टिकते. जुने तुकडे ठेवून घेतले. त्यातलं प्लॅटिनम काढणारे त्याच्या ओळखीचे, ते नव्या जाळीच्या किमतीत वळतं होईल. बाकी द्यायचं ते मला सोसेल.

१३ जाने., मंगळ.

सचिनने लावून दिलेली कॅब वन्संनी परत पाठवली. सचिन शिफ्टला गेला होता, त्याला दुपारी कळलं. म्हणजे डायलिसिस चुकलं. फोनवर मी ओरडले. पलीकडून, "माजी गाडी दुरुस्त झाली की येते म्हनावं." माझी गाडी म्हणे.

१४ जाने., संक्रांत

बसने कुरुळी. वन्संचे पाय सुजून खांबासारखे. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. दोन वाक्यांत धाप. तरी मला बघून उठायला लागल्या, तीळगुळाचा डबा काढायला सांगितला. त्यांच्या पथ्यात तो बसत नाही, मी उचलून वरच्या फळीवर. हलव्याचे दोन दाणे हातावर ठेवले. "गोड बोल म्हनायचं आन डबा लपवायचा. कंपनीतच बरी हुतीस."

मी गोड बोलले नाही. विचारलं, मरायचं आहे का?

सुजलेले पाय पदराखाली ओढले. मग, "त्या फाट्यावर, इमल, शाळंची पोरं नाक धरून गेली माज्यापासनं. तसं पुन्यांदा न्हाई."

ताबडतोब सचिनला बोलावलं. शेजारच्या गाडीतून पिंपरीला नेलं. वन्सं दाराशीच अडल्या, "कुनाची हाय?" तुमच्या चुलत दिरांची. "मंग चालंल." मागे मी मांडीवर टॉवेल आणि पातेलं घेऊन. वाटेत उलटी झाली नाही.

दवाखान्यातली डॉक्टर मुलगी माझी नात शोभेल एवढी, पण सुनावलं चांगलं. पुन्हा एक चुकवलंत तर पाणी छातीत चढेल आजी, मग मी पण काही करू शकणार नाही. वन्संनी मान डोलावली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला सांगा. गाडी हिची हाय."

१६ जाने., शुक्र.

वन्संच्या दिरांची गाडी आज मिळाली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी लग्न, मिळणार नाही. मंगळवारी काय?

दु. गायकवाडचा फोन. जाळी मिळाली. एका ऑर्डरच्या ट्रायलची उरलेली, कोटिंग नवं, घेर आमच्या डब्यापेक्षा थोडा कमी. मध्ये गुंडाळायची चटई असते, ती जाड घेऊ म्हणाला.

उद्या.

१७ जाने., शनि.

बबनही आला चाकणला. "बघायचंय मॅडम, होतं का ते." टेम्पोमागे गाडी बांधून आणली त्यानेच. पैसे घेईना, डिझेलचे दिले.

चटई म्हणजे राखाडी, ब्लँकेटच्या तुकड्यासारखी. तापली की फुगते आणि जाळीला डब्यात धरून ठेवते. कमी पडली तर जाळी खुळखुळून तुटते, जास्त झाली तर आवळून चिरडते. वेल्डरने गुंडाळून आत सरकवली, "बसतंय मॅडम."

"बसतंय म्हणजे किती?"

"म्हणजे... बसतंय ना."

गायकवाड लांबून हसायला लागला. "मोज रे बाबा. ऐक. मीपण मोजायचो." ड्रॉवरमधून व्हर्नियर काढून माझ्याच हातात दिला. रिटायर झाल्यापासून धरला नव्हता. अंगठा आपोआप चाकावर गेला. चष्मा पुसून चार बाजूंनी मोजलं. एका बाजूला अंतर जास्त. जाळी काढून चटईचा थर नीट करून पुन्हा घातली. तिसऱ्या खेपेला चारही बाजू सारख्या. वेल्डरचं तोंड वाकडं. माझं नव्हतं.

डब्याच्या दोन कापलेल्या कडा आर्गन वेल्डिंगने जोडल्या. धूर तपासणाऱ्या सेन्सरचा नट जागेवर राहील अशीच जागा गायकवाडने सोमवारी कापताना धरली होती. मी तेव्हा बघितलं होतं, बोलले नव्हते. आज बोलले. चांगलं कापलंस. कानापर्यंत लाल झाला हा माणूस, पन्नाशी उलटलेला.

किती टिकेल विचारलं. "ते लिहून देणार नाही मॅडम. दोन वर्षं, पाच वर्षं, पुढच्या महिन्यात... तपासलेलं नाही, ते सांगत नाही."

टेम्पोच्या बॅटरीवरून वायरी जोडून चालू केली आणि चाचणीला नाशिक रस्त्यावर बबनने चालवली, मी शेजारी. चढावर एका टेम्पोला मागे टाकलं. वास नाही.

१८ जाने., रवि.

नवी बॅटरी. बबनने बसवली.

सं. जाधवरावांना आणि तिघांना चहाला वर बोलावलं. जाळीचं सांगितलं, वितळलेलं सांगितलं. जाधवराव बशीकडे बघत, "म्हणजे वहिनी, आम्हीच घालवली तुमची गाडी."

नाही म्हटलं. बॅटरी मी बदलली नाही.

"मग आता काय आम्ही नुसतंच खाली यायचं?"

चहा राहील म्हटलं.

जाताना जिन्यात त्यांचं बोलणं ऐकू आलं. "टूलरूम बंद झाली तेव्हा असंच सांगितलं होतं राव, कँटीन चालू राहील म्हणून."

दार लावून घेतलं. भांडी घासली.

२० जाने., मंगळ.

सकाळी चौघेही खाली. कानटोप्या घालून. किल्ली फिरवली, एका झटक्यात चालू. चौघे डिकीला हात लावून उभे होते, हात तसेच राहिले. जाधवराव खिडकीशी आले. "वहिनी, एकदा बंद करा की. सवय मोडत नाही हो."

बंद केली. गिअर न्यूट्रलला टाकून गेटपर्यंत ढकलू दिली. हँडब्रेक, किल्ली, चालू. टाळ्या पडल्याच. न्यूट्रलला ढकलण्याने जाळीला काही होत नाही, हे गायकवाडला आधी फोन करून विचारून घेतलं होतं.

वन्सं कुरुळीला ओट्यावर तयार बसलेल्या. आत बसून आधी हुंगलं. "गेला गं वास." मग काचेतून कारखान्यांच्या भिंती बघत, "हितं पार डोंगरापतूर जवारी. कणसं यवढी. आमी पाखरं राखायचो, आन तुजा नवरा माळ्यावर झोपायचा." मी म्हटलं, ते ठाऊक आहे. टूलरूममध्येही नाइटला झोपायचे. खूप हसल्या. छातीत दुखेपर्यंत. गाडी कडेला घ्यावी लागली.

२२ जाने., गुरु.

पीयूसी. नळी सायलेन्सरमध्ये, मी यंत्राच्या पडद्यासमोर. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर चढला, थांबला, खाली आला. पीयूसीवाला म्हणाला, "काकू, एवढं वाकून काय बघता, पास आहे." म्हटलं, दुसऱ्यांदा घ्या. घेतली. आधीपेक्षा कमी. गरम झाल्यावर जाळी चांगलं काम करते, म्हणून.

ह्यांना दाखवलं असतं. हे म्हणाले असते, तुझा जीव यंत्रांवर जास्त.

२३ जाने., शुक्र.

नेलं, आणलं. येताना उलटी. पातेलं होतं. वन्सं, "तुजी गाडी खराब केली." म्हटलं, गाडी नाही, पातेलं.

२७ जाने., मंगळ.

डायलिसिस दुपारी संपलं. तपासणी मोशीला, वाटेवरच. वन्संना आधी कुरुळीला सोडून परत यायला वेळ नव्हता, तसंच नेलं. रांग लांब. वन्सं सीट मागे पाडून डोळे मिटून.

अधिकारी तरुण. चॅसीचा नंबर बघायला आला. "आजी, जरा उतरता का?"

"न्हाई. आत्ताच रगत धुवून आलिया." डोळे न उघडता. मग एक उघडून, "सायेब, तुमी हुबं हाय ना, तितं आमच्या चुलत्याचा हरबरा हुता. घाट्यावर आल्याला."

तो दोन पावलं सरकला. खरंच सरकला.

नंबर जुळला. दिवे, ब्रेक, हॉर्न. मग खाली वाकला आणि तसाच राहिला. "हे वेल्डिंग कसलं? कन्व्हर्टर काढलाय?"

"घातलाय. आतली जाळी बदलली. डबा तोच." पीयूसी पुढे केली, गायकवाडच्या शेडची पावती पुढे केली. जाळीचा नंबर होता, तो दाखवला. त्याने वरिष्ठांना बोलावलं. ते आले, वाकले, इंजिन चालू करायला लावलं, ऐकत उभे राहिले. नोकरीभर टेबलाच्या त्या बाजूला बसले. इकडून कसं वाटतं ते आज कळलं.

वरिष्ठांनी विचारलं, "कोणी बसवली?"

"माझ्या ट्रेनीने. मोजून."

काहीतरी लिहिलं त्यांनी. "ठीक आहे. पाच वर्षांचं होईल बहुतेक. मेसेज येईल." बहुतेक. अजून आलेला नाही.

गेटबाहेर पडल्यावर वन्संनी सीट सरळ केली. इंद्रायणीच्या पुलापर्यंत डोळे मिटून. मला वाटलं झोपल्या.

"इमल. या डबड्याला पाच वर्सं दिली व्हय गं त्यानं?"

हो, बहुतेक.

"मंग मला बी दाखवायचं हुतंस त्याला."

पुढे ट्रक होता. तो जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, शुक्रवारी सहाला येते, तयार राहा.

"बगू," म्हणाल्या.